मिनिटाला पाच थेंब

नावेचा शाफ्ट जिथून बाहेरच्या पंख्याकडे जातो, तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे दोन नटांनी आवळलेल्या बुचातून, पाणी आत टपकायचं. जया रोज वाकून ते बघायची.

"आवो, पाणी येतंय."

"येऊ दे. मिनिटाला पाच थेंब लागत्यात," तिचा नवरा वैजनाथ म्हणायचा. कशाला लागतात, हे सांगायला त्याला कधी सवड झाली नाही. नाव पलीकडे पोचल्याचा फोन येईपर्यंत जयाच्या घशाखाली घास उतरत नसे.

आज नाव धरणाच्या मधोमध असताना तिचाच फोन आला. "ऐका, तुमी अंघोळीला गेल्ता तवा मी पाना घिऊन दोनी नट गच्च आवळले. आता एक थेंब यायचा न्हाई. आज पयल्यांदा पोटभर जेवले बघा."

वैजनाथने फोन कानाला तसाच धरून मागची फळी उचलली. खाली सगळं कोरडं ठाक होतं आणि करपल्याचा वास येत होता. ज्या पाण्यावर शाफ्ट थंड राहायचा, तेच बंद झालं होतं. त्याने घाईघाईने इंजिन बंद केलं. नावेतली वीस माणसं मागे वळून बघू लागली.

"काय झालं? पाणी शिरलं का आत?" एका म्हाताऱ्याने नावेचा काठ घट्ट धरत विचारलं.

"न्हाई," वैजनाथ म्हणाला. "पाणी यायचं थांबलंय."