छाटणी

यमुनाबाईंनी गावच्या परसातून आणलेला कढीलिंब कुंडीत लावला आणि कात्री घेऊन त्याची हिरवीगार पानं छाटायला बसल्या. टेम्पोच्या घाईत मुलानं तो खणून काढताना सोटमूळ मध्येच तुटलं होतं. घर विकून त्या परवाच इथं चौथ्या मजल्यावर राहायला आल्या होत्या.

"अहो आई, चांगली पानं का कापताय?" सून रेवतीनं कानाचा फोन बाजूला करत विचारलं. सासूबाईंची ओळख व्हावी म्हणून ती संध्याकाळी सोसायटीतल्या बायकांना बोलावत होती. सकाळी हास्यक्लब झाला होता, उद्या भजनी मंडळ होतं.

"अगं, पाणी पितात ती केसांसारखी बारीक मुळं. ती राहिली तिकडच्या मातीत. आता एवढ्या पानांना पाणी कुठून पुरवायचं त्यानं?"

"मग थोडं खत घालू?"

"खत नको, ऊनही नको. नवी मुळं फुटेपर्यंत नुसतं राहू दे त्याला."

रेवती झाडाकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिली. मग आत गेली. तिचं फोनवरचं बोलणं यमुनाबाईंना गॅलरीत ऐकू आलं.

"आज नको हं. मीच कळवेन नंतर. हो, भजनाचंही राहू दे सध्या."

ती दोन कप चहा घेऊन परत आली, कुंडी सावलीत सरकवली आणि शेजारी बसली.

इथं आल्यापासून पहिल्यांदाच यमुनाबाईंनी भिंतीला पाठ टेकली आणि पाय पसरले.