दोन रस्ते

रॅकच्या मागे वाकून तिनं वायरींचा माग काढला आणि तिला हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते.

महिनाभर तज्ज्ञसाहेबांनी मिरवलेली रचना ही. सर्व्हरपासून सामायिक स्टोरेजपर्यंत डेटाला जायला दोन वेगळे रस्ते, दोन नेटवर्क स्विच, दुप्पट केबल. "एक गेला तरी दुसरा आहेच," हे पालुपद प्रत्येक मीटिंगला. आणि दोन्ही स्विचचे प्लग खोचलेत एकाच एक्स्टेंशन बोर्डात!

घरात लेक रांगायला लागल्यापासून तिची नजर कुठेही गेली की आधी प्लगवरच जायची. या तज्ज्ञाला एवढंही सुचू नये?

"साहेब, हे बटण बंद करून बघू?"

"बघा की. दोन रस्ते आहेत."

तिनं बोर्डाचं बटण दाबलं. दोन्ही स्विचचे दिवे विझले. चाचणीच्या पडद्यावर सगळे सर्व्हर लाल झाले. उद्यापासून यावर एका इस्पितळाचा कारभार चालणार होता.

"वायरमननं घोळ घातला असेल," तज्ज्ञ पुटपुटला.

"रस्ते तुम्ही आखलेत, साहेब. कागदावर दोन, भिंतीपाशी एक. मागे वाकून बघायला कंबर दुखते का?"

नवरा याच टीममधला. त्यानं कोपरानं ढोसलं, "अगं, जरा दमानं."

दमानं कशाला? सकाळी लेकीला कणकण होती, तरी तिला पाळणाघरात सोडून ती आली होती. "ताप वाढला तर?" असं तिथल्या बाईंनी विचारलं, तेव्हा तिनं फॉर्मवर बोट ठेवलं होतं. "माझा नंबर आहे, खाली यांचा. एक लागला नाही तर दुसरा लागेलच." काळजी अशी घ्यायची असते.

सर्व्हर रूममध्ये फोन न्यायला बंदी. बाहेर आल्यावर नवऱ्यानं वॉचमनला फोनच्या कप्प्याचा बिल्ला दिला. दोघांत एकच बिल्ला; सकाळी घाईत त्यानं दोन्ही फोन एकाच कप्प्यात ठेवले होते.

"मघापासून वाजतायत," वॉचमन म्हणाला. "एक थांबला की दुसरा. मला आत यायची परवानगी नाही."

दोन्ही पडद्यांवर पाळणाघर. तिच्यावर नऊ, त्याच्यावर आठ.

तिनं फोन लावला. "अहो, एकशे तीन ताप आहे," बाई म्हणाल्या. "शेवटी डॉक्टरांना मीच बोलावलं. कुठे होतात दोघं?"

मागे तज्ज्ञ आपला बिल्ला घेऊन उभा होता. त्यानं ते दोन फोन पाहिले, मग तो एक कप्पा. नुसता बाजूला झाला आणि तिला जायला जागा करून दिली.