गिऱ्हाईकाचं वाद्य

बाबांचे हात थरथरायला लागले आणि वाद्यदुरुस्तीचं दुकान थोरल्याच्या गळ्यात पडलं. नेमकं तेव्हाच त्याला एका मोठ्या वाद्यवृंदातून व्हायोलिन वाजवायला बोलावणं आलं होतं. "धाकटी पायावर उभी राहीपर्यंत थांब रे," बाबा म्हणाले, आणि तो थांबला.

बाबांच्या दुकानाचा नियम एकच होता: गिऱ्हाईकाच्या वाद्यावर आपली हौस भागवायची नाही. खुंट्या पिळायच्या, चारही तारांवरून एकेकदा गज फिरवायचा, सुरात लागलं की पुसून पेटीत ठेवायचं. कुणी म्हणालंच, "काहीतरी वाजवून दाखवा की," तर तो म्हणायचा, "दुकान आहे हो, मैफल नाही." घरी गेल्यावर स्वतःचं व्हायोलिन काढण्याइतकं त्राण अंगात उरत नसे.

धाकटी कमावती झाली, संसाराला लागली. शेवटी दुकान बंद करायचं ठरलं. त्या दिवशी बाबांनी त्याचं व्हायोलिन नव्या तारा घालून दुकानात आणलं. "आमच्यासाठी पुष्कळ केलंस बाळा. आता तुला हवं ते वाजव." धाकटी स्टूल ओढून समोर बसली.

त्यानं व्हायोलिन खांद्याला लावलं, खुंट्या पिळल्या, चारही तारांवरून एकेकदा गज फिरवला. सूर चोख लागला होता. बाबांनी ऐकायला डोळे मिटले.



त्यानं व्हायोलिन पुसून पेटीत ठेवलं आणि म्हणाला, "झालंय. ज्याचं असेल त्याला घेऊन जायला सांगा."