पार्बताबाईंचं कार्ड

चित्रं विकत घेत देशभर फिरणाऱ्या वानखडेसाहेबांची पत्रं अमरावतीच्या ऑफिसात पौर्णिमा सांभाळायची. अकोल्याच्या जुन्या शहरातून पार्बताबाई दर महिन्याला लिहायच्या, "माही पोरगी वारली. तिच्या बापानं काढलेलं तिचं चित्र तुमच्यापाशी आहे. मले एकडाव पाहू द्या."

साहेबांनी सांगितलेलं उत्तरच पौर्णिमा जड मनानं पाठवायची, "साहेब प्रवासात आहेत."

आज पार्बताबाईंचं कार्ड आलं. "पोरगी घरी पोचली. लय थकली होती, आता झोपून राहिली."

पौर्णिमानं आतली खोली उघडली. चित्र भिंतीवरच होतं. त्यातल्या बाजेवरची मुलगी नव्हती. गोधडी नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी चुरगळली होती.

तिनं साहेबांना काही कळवलं नाही. कोरं कार्ड घेऊन लिहिलं, "काकू, तिले वापस धाडू नका."