मोनूचा ड्रम

मोनू वारला आणि मग त्याच्या बँडचं ते उसळतं रॉक गाणं गाजलं. सारे व्हिडिओतल्या नाचावर फिदा होते, पण त्यात मोनूच्या ड्रमवर एक देखणा नट बसवला होता.

वर्षानुवर्षं मशिनींच्या खडखडाटात नाइट शिफ्ट करून आलेल्या बापाची झोप मोडू नये, म्हणून मोनूनं घरी कधीच ड्रम वाजवला नव्हता. निदान आता तरी दौलतरावांनी पोराचा हात ऐकावा, म्हणून बँडमधला अंकुर स्मृती नगरातल्या त्यांच्या घरी आला.

"काकाजी, व्हिडिओ नका पाहू. डोळे मिटून आयका. मोनू तर आवाजात हाय."

त्याच्या ओठांवर नजर रोखून बसलेल्या दौलतरावांनी डोळे मिटले. मान ठेक्यात डोलू लागली. "काय वाजवून राह्यला रे माहा पोट्टा!"

 

अंकुरचा अंगठा फोनवर तसाच राहिला. गाणं त्यानं अजून लावलंच नव्हतं.