फक्त काच

केकमध्ये अंडं आहे का, हे विचारल्याशिवाय श्रीकांत घास तोंडात घालत नसे. पण नेदरलँड्समधल्या एनस्खेडे शहरात त्याच्या शेजारी राहणाऱ्या विलेमआजोबांनी “शिकारीच्या रायफलीवर बसवायला एक दुर्बीण निवडून दे” म्हटलं, आणि त्याच्यातला लेन्सचा इंजिनिअर जागा झाला. चार दिवस खपून त्याने एक शोधून काढली. म्हाताऱ्या हातांना पेलेल इतकी हलकी, आणि तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडातही नेम धरता यावा म्हणून मधोमध लाल ठिपका उजळणारी.

“अरे, पण ते हरणं मारणार ना!” त्याची बायको मंजूषा कळवळून म्हणाली.

“ते वर्षानुवर्षं शिकारीला जातातच. मी फक्त काच निवडून दिली,” म्हणत त्याने देवापुढे दिवा लावला, नजर मात्र वर उचलली नाही.

पुढच्याच रविवारी विलेमआजोबा दारात उभे. डोळे पाणावलेले. त्यांनी कागदात गुंडाळलेलं एक जड पुडकं श्रीकांतच्या हातात ठेवलं.

 

“अकरा वर्षं रिकाम्या हातांनी परत येत होतो, श्रीकांत. काल आयुष्यात पहिल्यांदा नेम लागला. हा तुझा वाटा.”