फर्न

टोबीने किल्लीच्या टोकाने खोक्याची चिकटपट्टी फाडली आणि सगळ्यात वरची रेकॉर्ड काढून केल्विनच्या हातात दिली.

कव्हरवर नेच्याचं पान होतं. तीस वर्षांपूर्वी रेकॉर्ड पहिल्यांदा निघाली तेव्हा ते वीतभर होतं. आता, नव्या आवृत्तीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, ओलं, हिरवंगार, चकचकीत. खाली गाण्याचं नाव, नेच्याचंच इंग्रजी नाव : फर्न.

केल्विनने ती उलटी करून खोक्यावर ठेवली.

"मी एकच गोष्ट मागितली होती," तो म्हणाला. "गाण्याचं नाव 'फोन' आहे. तेवढं नीट छापा आणि हा पाला काढा. तुम्ही हो म्हणाला होतात."

"म्हणालो होतो, मित्रा." टोबी रेकॉर्ड कंपनीचा माणूस. सकाळच्या गाडीने लंडनहून आला होता आणि हलच्या बंदरात पाय ठेवल्यापासून दिसेल त्याला मित्रा म्हणत होता. "पण लोक पानालाच ओळखतात ना! तुम्ही फोनला फर्न म्हणता, आमच्या माणसाने ऐकलं तसं लिहिलं. इतकी गोड चूक कुणी दुरुस्त करतं का?"

हलमध्ये फोनला फर्नच म्हणतात. रोडला रर्ड, स्नोला स्नर. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे केल्विनला रेकॉर्ड निघेपर्यंत ठाऊकही नव्हतं. निघाल्यावर मात्र साऱ्या देशाने सांगितलं. ते गाणं विनोदी गाण्यांच्या संचात गेलं, मग चहाच्या मगांवर गेलं.

तो टेरीकडे वळला. 'टेनफुट' ही गाणाऱ्यांची जोडी म्हणजे हे दोघंच. घरांच्या मागच्या ज्या दहा फुटी बोळात दोघं यमकं जुळवायला शिकले, त्याचंच नाव त्यांनी लावलं होतं. टेरीच्या कानामागे कागदाचं हिरवं पान होतं.

"तुला माहीत होतं?"

"होतं." टेरी रेकॉर्ड फिरवायच्या यंत्राच्या तारा लावत राहिला. "हसू दे की लोकांना. रडायला कोण येतंय शनिवारी दुपारी?"

"माझ्या बापाचं गाणं आहे ते."

"तुझा बाप माझाही अर्धा बाप होता रे. पण किती वर्षं झाली? चल, माईक घे."

रेकॉर्डच्या त्या दुकानात पन्नासेक माणसं दाटीने उभी होती. सगळ्यांच्या कानामागे पानं. एकाने तर कोळ्यांचा पिवळा रेनकोट चढवून गळ्यात रबरी मासा लटकवला होता. तो मासा दाबला की चित्कारायचा, आणि तो माणूस सारखा दाबत होता.

तेवढ्यात दार उघडलं आणि शेजारच्या बाईंच्या हाताला धरून त्याची आई, मेव्हिस, आत आली. ठेवणीतला निळा कोट घालून. रेकॉर्ड निघाली तेव्हापासून केल्विनने ती आईच्या घरात येऊ दिली नव्हती, आणि तिनेही कधी हट्ट धरला नव्हता. या वर्षी मात्र त्याने शब्द दिला होता : कव्हर नीट झालं की तुला ऐकवीन.

टोबीबरोबर आलेल्या मुलीने पुढे होऊन तिच्याही कानामागे पान खोचलं.

"हे कसलं गं?"

"फर्नचं, आजी!"

"फर्नचं?" मेव्हिसने पान काढून उलटसुलट करून पाहिलं. "फर्नला पानं कधीपासून फुटायला लागली?"

दुकानभर हशा फुटला. रबरी मासा चित्कारला. टोबीने डोळे पुसले. चारचौघं हसतात म्हणून म्हातारं माणूस हसतं, तशी मेव्हिसही हसली. ते हसू केल्विनला बघवेना.

टेरीने ठेका सुरू केला.

केल्विन लहान असताना एका हिवाळ्यात बापाची मासेमारीची बोट परत आली नव्हती. बर्फ तुडवत, रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या फोनच्या पेटीपर्यंत आई अकरा दिवस जात होती, बोटीच्या कंपनीला विचारायला. गाणं इतकंच होतं. पहिल्याच ओळीत स्नर, रर्ड, फर्न हे तिन्ही शब्द होते, आणि माणसं ते ओरडायला तोंडं उघडून तयार होती. टोबीने मोबाइल वर धरला होता.

केल्विनने माईक तोंडाशी नेला आणि म्हणाला, "स्नो." म्हणाला, "रोड." आणि मग, बातम्या सांगणाऱ्या बाईइतकं स्वच्छ, "फोन."

कुणी हसलं नाही. उघडलेली तोंडं हळूहळू मिटली. टेरीचा ठेका चुकला, मग सावरला. टोबीचा हात खाली आला. केल्विन एकेक दिवस सांगत गेला. पहिला, चौथा, नववा. रबरी माशावरचा हात निघाला. एका बाईने कानामागचं पान काढून खिशात घातलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माणसं ते गाणं ऐकत होती. आणि त्याच्या तोंडात मात्र ती धुतलेली अक्षरं दुसऱ्या कुणाच्या कवळीसारखी फिरत होती. थुंकता येईना, गिळता येईना.

अकरावा दिवस संपला. ठेका थांबला. टाळी वाजवायचं कुणाला सुचलं नाही.

मेव्हिसने रुमालाने डोळे टिपले आणि शेजारच्या बाईंकडे झुकली. त्या शांततेत तिचं कुजबुजणं शेवटच्या माणसापर्यंत गेलं.

"बिचारी बाई," ती म्हणाली. "कुठली होती गं? बोलण्यावरून आपल्या रर्डवरची तर नव्हती."